दोघांनी एकच फॉर्म उघडला तर? ऑप्टिमिस्टिक लॉकिंगने बदल कसे वाचवायचे

गृहनिर्माण संस्थेचं सभासद-नोंदींचं सॉफ्टवेअर आहे असं धरू. सदनिका ३०४ ची नोंद सचिवांनी ११ वाजून २ मिनिटांनी उघडली, खजिनदारांनी ११ वाजून ३ मिनिटांनी. सचिवांनी सभासदाचा नवा मोबाइल नंबर घातला आणि ११:०५ ला सेव्ह केलं. खजिनदारांनी पार्किंगचा क्रमांक भरला आणि ११:०९ ला सेव्ह केलं. दोघांच्याही पडद्यावर ‘नोंद जतन झाली’ असा हिरवा संदेश आला. आता डेटाबेसमध्ये पार्किंग बरोबर आहे, मोबाइल नंबर मात्र जुनाच आहे.

खजिनदारांनी मोबाइलच्या रकान्याला हातही लावला नव्हता. पण ब्राउझर फॉर्म पाठवतो तेव्हा सगळे रकाने पाठवतो, बदललेले आणि न बदललेले. ११:०३ ला उघडलेल्या फॉर्ममध्ये जुना नंबर होता, तो ११:०९ ला परत सर्व्हरवर गेला आणि नव्या नंबरावर बसला. कुठे एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. पाणीपट्टीचा मेसेज चुकीच्या नंबरवर जातो तेव्हा कुणाच्या तरी लक्षात येतं आणि दोष सचिवांच्या माथी येतो: ‘तुम्ही बदललंच नव्हतं.’ म्हणून ही चूक किरकोळ समजू नये. मुकाट्याने डेटा पुसणारं सॉफ्टवेअर माणसांमधला विश्वासही पुसतं.

‘आमच्याकडे ट्रान्झॅक्शन आहेत, त्यामुळे आम्हाला हा त्रास नाही’ असं पुष्कळ जण म्हणतात. ते खरं नाही. ट्रान्झॅक्शन म्हणजे डेटाबेसमधल्या कामांचा असा गठ्ठा, जो सगळा पार पडतो किंवा सगळा मागे जातो. फॉर्म दाखवताना नोंद वाचली ती एका रिक्वेस्टमध्ये, म्हणजे ब्राउझरने सर्व्हरकडे केलेल्या एका मागणीत. ते ट्रान्झॅक्शन पान पाठवतानाच संपलं. सेव्ह झालं ते सहा मिनिटांनी, दुसऱ्या रिक्वेस्टमध्ये, दुसऱ्या ट्रान्झॅक्शनमध्ये. डेटाबेसच्या दृष्टीने दोन्ही सेव्ह एकामागून एक, शिस्तीत झाले. मधली सहा मिनिटं माणूस पडद्याकडे बघत होता, हे डेटाबेसला कळायला मार्गच नाही. तो मार्ग आपण तयार करायचा असतो.

कुलूप लावायचं की तपासायचं

एक उपाय म्हणजे पहिल्याने नोंद उघडली की ती इतरांसाठी बंद करायची. याला पेसिमिस्टिक लॉकिंग म्हणतात. वेबवर ते त्रासाचं ठरतं, कारण माणूस टॅब उघडा ठेवून जेवायला जातो, लॅपटॉप मिटतो, नेट जातं, आणि ‘मी गेलो’ हे सर्व्हरला कुणी सांगत नाही. मग कुलपाला मुदत द्यावी लागते आणि पान उघडं आहे तोवर थोड्या थोड्या वेळाने सर्व्हरला खूण पाठवत राहावं लागतं. वर्डप्रेस पोस्टच्या बाबतीत हेच करतं: संपादक पानावर असेपर्यंत ब्राउझर खूण पाठवत राहतो, मूळ सेटिंगमध्ये १५० सेकंद खूण आली नाही तर कुलूप सुटलं असं धरलं जातं, आणि दुसऱ्याला ताबा घेण्याचं बटणही मिळतं. तासभर बसून लिहायच्या लेखासाठी हे ठीक आहे. पंधरा रकान्यांच्या फॉर्मसाठी एवढा खटाटोप कशाला?

दुसरा उपाय उलटा. उघडू दे सगळ्यांना, अडवू नका. पण लिहिताना तपासा की मी वाचल्यापासून ही नोंद कुणी बदलली आहे का. बदलली असेल तर लिहू नका. टक्कर क्वचितच होणार असा भरवसा धरलेला असतो, म्हणून नाव ऑप्टिमिस्टिक. एच. टी. कुंग आणि जॉन रॉबिन्सन यांनी १९८१ साली डेटाबेससाठी ही पद्धत शोधनिबंधात मांडली, तेव्हा वेब नव्हतं. पण वेब फॉर्मला ती जणू मापानेच शिवलेली आहे.

पहिली पायरी: व्हर्जनचा रकाना

टेबलमध्ये एक पूर्णांकी रकाना वाढवा. नाव ‘व्हर्जन’, नल चालणार नाही, डिफॉल्ट १. प्रत्येक बदलाबरोबर तो १ ने वाढेल. टेबलमध्ये लाखो ओळी असल्या तरी घाबरायचं कारण नाही: पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आवृत्ती ११ पासून आणि मायएसक्यूएलमध्ये ८.०.१२ पासून असा ठरावीक डिफॉल्टचा रकाना जोडताना सहसा सगळं टेबल पुन्हा लिहिलं जात नाही. इंडेक्सही लागत नाही. ओळ प्राथमिक कीवरूनच सापडते, व्हर्जन फक्त ताडून पाहायचं असतं.

इथे हमखास विचारलं जातं: ‘शेवटचा बदल केव्हा’ ही वेळ आधीच साठवतोय, तीच का वापरू नये? वापरू नये, आणि कारणं नेमकी आहेत. मायएसक्यूएलमध्ये वेळेचा रकाना जास्त काही न सांगता केला तर तो सेकंदापर्यंतच साठवतो. एकाच सेकंदात दोन बदल झाले तर दोन्हींची वेळ सारखी, आणि टक्कर निसटते. पोस्टग्रेस मायक्रोसेकंदापर्यंत साठवतो, पण जावास्क्रिप्टची तारीख मिलिसेकंदापर्यंतच असते. वेळ ब्राउझरमध्ये जाऊन परत आली की शेवटचे तीन आकडे गळतात आणि ताळा जवळजवळ कधीच जुळत नाही, कुणीही काही बदललेलं नसताना. टाइमझोनचं रूपांतर आणि दोन सर्व्हरच्या घड्याळांतला फरक हे वेगळंच. पूर्णांकाला यातलं काही बाधत नाही. ‘शेवटचा बदल’ ही वेळ जरूर ठेवा, पण ती माणसाला दाखवायला.

एसक्यूएल सर्व्हर वापरत असाल तर तिथे रोव्हर्जन नावाचा ८ बाइटचा प्रकार तयार मिळतो. ओळीत काहीही बदललं की तो आपोआप बदलतो. तो ब्राउझरकडे बेस-६४ मजकूर करून पाठवा, आकडा म्हणून नाही. जावास्क्रिप्टमध्ये २ चा ५३ वा घात ओलांडला की पूर्णांक अचूक राहत नाहीत.

दुसरी पायरी: व्हर्जन फॉर्मबरोबर फिरलं पाहिजे

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. माणसाने जे पाहिलं, त्याचं व्हर्जन त्याच्या फॉर्मबरोबर जायला हवं आणि परत यायला हवं. फॉर्ममध्ये एक लपवलेला रकाना ठेवा आणि नोंद वाचली तेव्हाचं व्हर्जन त्यात घाला. आपल्या उदाहरणात सचिवांच्या आणि खजिनदारांच्या, दोघांच्याही फॉर्ममध्ये ७ असेल.

नोंद आणि तिचं व्हर्जन एकाच क्वेरीतून आलं पाहिजे. रकाने कॅशमधून आणि व्हर्जन थेट डेटाबेसमधून असं झालं तर जुन्या मजकुरावर नवा शिक्का बसतो, आणि सगळी तपासणी फोल ठरते.

व्हर्जन सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हर त्या वापरकर्त्यासाठी लक्षात ठेवतो त्या माहितीत, ठेवायचा मोह होतो, कारण फॉर्म स्वच्छ दिसतो. ठेवू नका. मधल्या काळात कुणीतरी नोंद बदलते, तोच माणूस ती दुसऱ्या टॅबमध्ये उघडतो, सेशनमधला आकडा ७ वरून ८ होतो, आणि पहिल्या टॅबमधला शिळा फॉर्म आता ८ च्या जोरावर बिनदिक्कत सेव्ह होतो. सेशन माणसाचं असतं, व्हर्जन त्या उघडलेल्या पानाचं.

फायरफॉक्सचा एक बारकावा माहीत असू द्या. पान साधं रिलोड केलं तर तो आधी भरलेल्या किमती रकान्यांत परत ठेवतो, आणि यात लपवलेले रकानेही येऊ शकतात. म्हणजे सर्व्हरने ८ पाठवला तरी फॉर्ममध्ये ७ च राहतो, माणूस रिलोड करून थकतो आणि टक्करीचा संदेश काही जात नाही. त्या रकान्याला ऑटोकम्प्लीट ‘ऑफ’ करा, प्रश्न मिटतो.

लपवलेला रकाना कुणी मुद्दाम बदलला तर? त्याला एवढंच साधेल की तो शिळा फॉर्म ताजा म्हणून खपवेल; ज्याला नोंद बदलायचा अधिकारच आहे तो नोंद पुन्हा उघडूनही तेच करू शकतो. त्यामुळे व्हर्जनवर सही-शिक्का करायची गरज नाही. अधिकाराची तपासणी मात्र वेगळी आणि दर वेळी.

तिसरी पायरी: तपासणी आणि लेखन एकाच वाक्यात

सेव्ह करताना आधी नोंद वाचायची, व्हर्जन जुळतं का ते कोडमध्ये बघायचं, जुळलं तर अपडेट चालवायचं, असं लिहिलेलं जागोजागी दिसतं. वाचणं आणि लिहिणं यांच्यात काही मिलिसेकंदांची फट राहते, आणि दोन रिक्वेस्ट त्या फटीत एकदम शिरल्या की दोघींनाही ७ दिसतो, दोघीही लिहितात. सहा मिनिटांची फट लहान झाली, बुजली नाही. चाचणीत सापडणार नाही, गर्दीच्या दिवशी नेमकी सापडेल.

तपासणी अपडेटच्या अटीतच घाला:

अपडेट सभासद
सेट मोबाइल = ?, पार्किंग = ?, व्हर्जन = व्हर्जन + १
व्हेअर आयडी = ३०४ अँड व्हर्जन = ७

मग किती ओळी बदलल्या तो आकडा बघा. १ असेल तर काम झालं. ० असेल तर कुणीतरी आधी पोचलं. दुसरा कुठलाही आकडा आला तर अट चुकली आहे. ट्रान्झॅक्शन मागे घ्या. हा आकडा न बघणं हीच सगळ्यात जास्त होणारी चूक. अटीत व्हर्जन आहे म्हणून लिहिणारा निश्चिंत असतो, पण ० ओळी बदलणं ही डेटाबेससाठी एरर नाही. परिणाम असा की आता खजिनदारांचा बदल गेला आणि हिरवा संदेश त्यांनाही दिसला.

दोन अपडेट अगदी एका क्षणी आले तर काय होतं, तेही समजून घ्या. पहिलं अपडेट त्या ओळीवर डेटाबेसचं कुलूप घेतं, दुसरं थांबतं. पहिलं कमिट झालं, म्हणजे कायम झालं, की पोस्टग्रेस, रीड कमिटेड या त्याच्या नेहमीच्या पातळीवर (एकाच वेळी चाललेली ट्रान्झॅक्शनं एकमेकांचे बदल किती बघतात हे पातळी ठरवते), दुसऱ्याची अट नव्या ओळीवर पुन्हा तपासतो. व्हर्जन आता ८, अट ७ ची, निकाल ० ओळी. रिपीटेबल रीड पातळीवर असाल तर ० ऐवजी ४०००१ या क्रमांकाची एरर येते. तीही टक्करच समजून हाताळा, नाहीतर माणसाला ‘सर्व्हर एरर’चं कोरं पान दिसेल.

मायएसक्यूएलवर पीएचपी वापरणाऱ्यांसाठी: तिथे बदललेल्या ओळींचा आकडा म्हणजे खरोखर किंमत बदललेल्या ओळींचा आकडा. जे होतं तेच पुन्हा लिहिलं तर ० येतो. व्हर्जन दर वेळी वाढवत असाल तर ओळ नेहमीच बदलते आणि हा पेच येत नाही; वेळेच्या रकान्यावर विसंबणाऱ्यांना मात्र एकाच सेकंदात खोट्या टक्करी दिसतात.

नोंद काढून टाकतानाही हीच अट लावा. सचिवांनी नुकतीच दुरुस्त केलेली नोंद खजिनदारांनी ‘ही चुकीची आहे’ म्हणून जुन्या पानावरून काढून टाकणं हेही पुसणंच आहे. डिलीटच्या बटणाबरोबर व्हर्जन जाऊ द्या.

चौथी पायरी: शून्याचा अर्थ लावणं

० ओळी म्हणजे तीनपैकी एक: नोंद बदलली, नोंद काढून टाकली, किंवा तुमच्या अटीत संस्थेचा क्रमांक किंवा अधिकारही आहे आणि तो जुळला नाही. माणसाला तिन्ही वेळा वेगळं सांगावं लागतं, म्हणून नोंद पुन्हा वाचा.

मायएसक्यूएलमध्ये इथे एक खोल खड्डा आहे. त्याचं साठवणीचं इंजिन इनोडीबी, आणि त्याची नेहमीची पातळी रिपीटेबल रीड. तिथे साधं सिलेक्ट ट्रान्झॅक्शनमधल्या पहिल्या वाचनाच्या वेळचं चित्र दाखवत राहतं. अपडेट मात्र सगळ्यात ताजी ओळ बघतं. त्यामुळे आधी काही वाचून झालं असेल तर अपडेट ० सांगतं आणि लगेच केलेलं सिलेक्ट व्हर्जन ७ दाखवतं. कोड गोंधळतो: व्हर्जन जुळतंय, तरी लिहिता येत नाही? माणसाला ‘सध्याची किंमत’ म्हणून जुनीच किंमत दाखवली जाते. उपाय सोपा: टक्कर कळली की आधी रोलबॅक करा, म्हणजे ट्रान्झॅक्शन मागे घ्या, आणि मग नव्या ट्रान्झॅक्शनमध्ये नोंद वाचा.

रोलबॅक आणखी एका कारणासाठी हवा. त्याच सेव्हमध्ये तुम्ही आधी नोंदवहीत ओळ घातली असेल किंवा सभासदाला ‘तुमची माहिती बदलली’ असा एसएमएस रांगेत टाकला असेल, तर टक्कर झाल्यावर तेही मागे यायला हवं. एसएमएस, ईमेल, पावतीची पीडीएफ हे सगळं कमिटनंतरच.

पाचवी पायरी: टक्करीचं पान

इथवरचं काम यंत्राचं होतं आणि ते दोन तासांत होतं. खरी कसोटी इथे आहे, आणि बहुतेक ठिकाणी इथेच हात आखडता घेतला जातो. ‘डेटा कन्फ्लिक्ट. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ आणि खाली कोरा किंवा नव्याने भरलेला फॉर्म. खजिनदारांनी सहा मिनिटं भरलेलं सगळं गेलं. सचिवांचा बदल वाचवताना आपणच खजिनदारांचा पुसला. अशा पानाला लोक एकदा-दोनदा भेटतात आणि मग सगळं आधी वहीत लिहायला लागतात.

नियम एकच: माणसाने टाइप केलेलं हरवू द्यायचं नाही. फॉर्म त्याच्याच किमतींनी भरून परत द्या आणि वर स्पष्ट लिहा:

‘तुम्ही ही नोंद उघडल्यानंतर सचिवांनी ११:०५ वाजता तिच्यात बदल केला आहे. तुम्ही भरलेलं खाली तसंच आहे, अजून जतन झालेलं नाही.’

कोणी आणि केव्हा हे सांगितलं की माणूस इंटरकॉम उचलून विचारू शकतो. अर्धे प्रश्न तिथेच सुटतात. त्यासाठी ‘शेवटचा बदल कोणी’ हा रकाना ठेवावा लागतो, तो आधीच ठेवलेला बरा.

मग फरक दाखवा, पण फक्त फरकच. प्रत्येक रकान्याच्या तीन किमती असतात: तुम्ही उघडलं तेव्हा काय होतं, तुम्ही काय भरलं, आणि आता डेटाबेसमध्ये काय आहे. मूळ किंमत हाताशी नसेल तर खजिनदारांनी मोबाइल मुद्दाम जुना ठेवला की त्यांनी तो बघितलाही नाही, हे सांगताच येत नाही. मूळ किमती मिळवायचे दोन रस्ते: बदलांचा इतिहास वेगळ्या टेबलात ठेवत असाल तर व्हर्जन ७ ची ओळ तिथून काढा, नसेल तर मूळ किमतीही फॉर्मबरोबर लपवून पाठवा.

आपल्या उदाहरणात असं दिसेल. मोबाइल: तुम्ही बदलला नाही, सचिवांनी बदलला, म्हणून नवा नंबर आपोआप निवडलेला. पार्किंग: तुम्ही बदललं, त्यांनी नाही, म्हणून तुमचा क्रमांक निवडलेला. दोघांनीही बदललेला रकाना असेल तर तो ठळक करा, दोन्ही किमती शेजारी ठेवा आणि निवड माणसाकडे सोपवा. बहुतेक वेळा असा एकही रकाना नसतो आणि खजिनदारांना फक्त एकदा ‘जतन करा’ दाबायचं असतं.

या पानाच्या लपवलेल्या रकान्यात आता ८ जाईल, ७ नाही. त्यामुळे पुढचा सेव्ह नेमका याच तुलनेवर उभा राहतो. मधल्या काळात अध्यक्षांनीही काही बदललं तर तपासणी पुन्हा अडवेल, आणि तेच योग्य. ‘तरीही माझंच ठेवा’ असं बटण द्यायला हरकत नाही, पण तेही व्हर्जन ८ घेऊनच जायला हवं. तपासणी वगळून लिहिणारं बटण म्हणजे मागचं दार.

जोडलेल्या फाइली विसरू नका. फाइल निवडायचा रकाना सर्व्हरला पुन्हा भरून देता येत नाही, ब्राउझर सुरक्षेसाठी तो रिकामाच ठेवतो. भाडेकराराची प्रत जोडली होती आणि टक्करीनंतर ती न कळता सुटली, असं व्हायला नको. आलेली फाइल तात्पुरत्या जागी साठवा, तिची खूण फॉर्ममध्ये ठेवा आणि ‘भाडेकरार जोडलेला आहे’ असं दाखवा.

प्रतिसादाचा एचटीटीपी कोड ४०९ (कॉन्फ्लिक्ट) द्या. पान व्यवस्थित दिसतं आणि लॉगमध्ये टक्करी वेगळ्या मोजता येतात.

आपोआप जुळवणी किती करायची?

दोघांनी वेगवेगळे रकाने बदलले असतील तर माणसाला न विचारता जोडून टाकावं का? विकिपीडियामागचं मीडियाविकी सॉफ्टवेअर मजकुराच्या बाबतीत हेच करतं: मूळ, तुमचं आणि दुसऱ्याचं अशी तिपेडी जुळवणी आधी करून बघतं, आणि नाहीच जमलं तर संपादन-संघर्षाचं पान दाखवतं. लेखाचे दोन परिच्छेद सहसा एकमेकांवर अवलंबून नसतात. फॉर्मचे रकाने असतात. एकाने पिनकोड बदलला, दुसऱ्याने गाव; जोडलं तर असा पत्ता तयार होतो जो दोघांपैकी कुणीच लिहिला नव्हता. एकाने सदनिका ‘भाड्याने’ अशी नोंदवली, दुसऱ्याने बिनभोगवटा शुल्क (सदनिका भाड्याने दिली की लागणारं) काढून ० केलं. एकत्र नोंद कदाचित बरोबर असेल, कदाचित नसेल.

म्हणून रकान्यांचे गट करा: पत्ता एक गट, शुल्क आणि भोगवटा एक गट, संपर्क एक गट. वेगवेगळ्या गटांतले बदल आपोआप जोडा, एकाच गटातले माणसाला दाखवा. आणि जोडल्यावर सगळ्या वैधता-तपासण्या नव्याने चालवा. पैशाच्या रकान्यांवर आपोआप काहीही जोडू नये, हे आमचं ठाम मत.

फ्रेमवर्क काय देतात, कुठे फसवतात

रूबीच्या रेल्समध्ये ‘लॉक_व्हर्जन’ नावाचा पूर्णांकी रकाना डिफॉल्ट ० ने घातला की तपासणी आपोआप सुरू होते आणि टक्करीला ‘स्टेल ऑब्जेक्ट’ एरर येते. पण तो रकाना फॉर्ममध्ये लपवून ठेवणं आणि परवानगी दिलेल्या पॅरामीटरांच्या यादीत घालणं तुमचं काम. यादीत राहून गेला तर रेल्स फॉर्ममधला आकडा टाकून देतो, आत्ता वाचलेल्या नोंदीचं व्हर्जन धरतो, आणि सहा मिनिटांची फट जशीच्या तशी राहते. अपडेट_ऑल आणि अपडेट_कॉलम्स ही तपासणी वगळतात.

जावाच्या जेपीएमध्ये फील्डवर व्हर्जनचं अनोटेशन लावलं की काम होतं असं वाटतं. फॉर्मच्या बाबतीत अर्धंच होतं. सेव्हच्या रिक्वेस्टमध्ये नोंद ताजी वाचून तिच्यावर फॉर्ममधलं व्हर्जन सेट केलं तर हायबरनेट (जेपीए राबवणारी लायब्ररी) त्याकडे लक्ष देत नाही. त्याने स्वतः वाचलेलं व्हर्जन तो धरतो. म्हणून वाचल्याबरोबर फॉर्मचं व्हर्जन आणि नोंदीचं व्हर्जन स्वतः ताडा, न जुळल्यास टक्कर जाहीर करा. उरलेली मिलिसेकंदांची फट हायबरनेट बुजवतो.

डॉटनेटच्या एन्टिटी फ्रेमवर्कमध्ये हाच सापळा वेगळ्या रूपात: नोंद वाचल्यावर व्हर्जनची ‘मूळ किंमत’ फॉर्ममधून आलेल्या किमतीने बदलावी लागते, चालू किंमत बदलून उपयोग नाही. पायथनच्या जँगोमध्ये तयार सोय नाही. आयडी आणि व्हर्जन दोन्हींवर फिल्टर लावून अपडेट चालवा, व्हर्जन एफ-एक्स्प्रेशनने (डेटाबेसमधल्याच किमतीवर हिशोब करायची जँगोची सोय) १ ने वाढवा आणि परत आलेला आकडा बघा. अपडेट असं चालवल्यावर सेव्हचे सिग्नल सुटत नाहीत आणि ‘शेवटचा बदल’ ही वेळ आपोआप भरत नाही, ती हाताने द्या. पीएचपीच्या लाराव्हेलमध्येही साधारण हाच रस्ता.

तिन्ही-चारही ठिकाणी सापळा एकच आहे. फ्रेमवर्क स्वतः केव्हा वाचलं ते जाणतं. माणसाने केव्हा वाचलं ते त्याला तुम्ही सांगावं लागतं.

पान जावास्क्रिप्टने चालत असेल तर

एपीआयमधून नोंद जात-येत असेल तर व्हर्जनसाठी एचटीटीपीत जागा आहेच. नोंद देताना व्हर्जन ईटॅग हेडरमध्ये द्या. बदल पाठवताना ब्राउझरने तेच इफ-मॅच हेडरमध्ये परत पाठवायचं. जुळलं नाही तर ४१२ (अट पूर्ण झाली नाही) हा कोड. हेडरच नसेल तर ४२८ (अट पाठवणं आवश्यक) द्या. ‘नसेल तर जाऊ दे’ असं ठेवलं की जुनं मोबाइल अॅप सगळ्यांचे बदल पुसत राहतं.

यातला खड्डा: इफ-मॅचला पक्का (स्ट्राँग) ईटॅग लागतो, सैल (वीक) चालत नाही. वेब सर्व्हर एनजिनएक्स प्रतिसाद जीझिपने आकुंचित करताना पक्क्या ईटॅगला सैल करतो, अपाची त्याच्या शेपटीला ‘जीझिप’ जोडतो. मग स्थानिक मशीनवर सगळं चालतं आणि खऱ्या सर्व्हरवर प्रत्येक सेव्ह ४१२ ने पडतो. या भानगडीत पडायचं नसेल तर व्हर्जन सरळ जेसनमध्येच ठेवा.

आपोआप सेव्ह होणाऱ्या फॉर्ममध्ये माणूस स्वतःशीच टक्करतो. पहिल्या सेव्हने व्हर्जन ८ केलं, पान अजून ७ धरून बसलंय. प्रत्येक यशस्वी सेव्हच्या उत्तरात नवं व्हर्जन परत द्या, पानाने ते लगेच घ्यावं, आणि एक सेव्ह चालू असताना दुसरा सोडू नये, रांगेत ठेवावा. साध्या फॉर्ममध्ये हेच बटण दोनदा दाबल्याने होतं: पहिल्या क्लिकने जतन झालं, दुसऱ्याने ‘कुणीतरी बदल केला आहे’, आणि तो कुणीतरी म्हणजे स्वतःच. बटण पहिल्या क्लिकला बंद करा. शिवाय टक्कर आली आणि डेटाबेसमधल्या किमती पाठवलेल्या किमतींशी तंतोतंत जुळत असतील तर ती यशस्वीच समजा.

व्हर्जन कुठल्या ओळीवर

सभासदाच्या फॉर्ममध्ये वाहनांची यादीही आहे आणि ती वेगळ्या टेबलात आहे. एकाने स्कूटर जोडली, दुसऱ्याने मोटार काढली. सभासदाच्या ओळीला कुणीच हात लावला नाही, व्हर्जन ७ च राहिलं. माणसाला जे एक पान म्हणून दिसतं त्याला एकच व्हर्जन हवं: वाहनांत बदल झाला तरी सभासदाचं व्हर्जन वाढवा, आणि तेही व्हर्जनच्या अटीसकट. जेपीएमध्ये यासाठी सक्तीने व्हर्जन वाढवणारा लॉकचा प्रकार आहे, रेल्समध्ये वाहनाच्या बाजूने ‘टच’ लावता येतो.

उलटंही टाळा. रात्रीचा जॉब सगळ्या सभासदांची थकबाकी त्याच ओळीत लिहीत असेल तर सकाळी प्रत्येक उघडा फॉर्म टक्कर देईल, आणि लोक संदेश न वाचता पुढे जायला शिकतील. यंत्राने भरायचे रकाने वेगळ्या टेबलात हलवा. फॉर्ममध्ये दिसणारे रकाने कुणी बाहेरून, थेट एसक्यूएलने बदलत असेल तर मात्र व्हर्जन वाढलंच पाहिजे; ते माणसाच्या आठवणीवर न सोडता अपडेटआधीच्या ट्रिगरमध्ये (डेटाबेस बदलाआधी आपोआप चालवतो तो कोड) ‘नवं व्हर्जन = जुनं व्हर्जन + १’ असं लिहा. अॅपही तेवढंच वाढवत असल्याने दोघांचं भांडण होत नाही.

साठा, शिल्लक, उरलेल्या जागा अशा आकड्यांना ही पद्धत लावू नका. दहा जण एकदम सभागृहाच्या खुर्च्या राखत असतील तर नऊ जणांना टक्कर दाखवण्यात अर्थ नाही. तिथे ‘शिल्लक = शिल्लक − ३, जर शिल्लक निदान ३ असेल’ असं एका वाक्यात वजा करा.

चाचणी

हाताने: दोन वेगळे ब्राउझर, दोन वेगळी खाती. दोन्हीकडे ३०४ उघडा, पहिल्यात मोबाइल बदलून जतन करा, दुसऱ्यात पार्किंग. दुसऱ्यात टक्करीचं पान यायला हवं, पार्किंगचा क्रमांक जागेवर हवा, नवा मोबाइल दिसायला हवा. आता तिथेच थांबून पहिल्यात पुन्हा काही बदला आणि दुसऱ्यात जतन करा: पुन्हा अडलं पाहिजे. मग मागे जायचं बटण दाबून जुन्या पानावरून जतन करून बघा, आणि पहिल्यात नोंद काढून टाकून दुसऱ्यात जतन करून बघा.

कोडने: एकच व्हर्जन पण वेगवेगळ्या किमती घेतलेल्या २० रिक्वेस्ट समांतर सोडा. यशस्वी नेमकी १, टक्करी १९, आणि शेवटी व्हर्जन बरोबर १ ने वाढलेलं. यशस्वी २ आल्या तर तपासणी अपडेटच्या बाहेर राहिली आहे. ही चाचणी खऱ्या मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसवरच चालवा. चाचणीसाठी एसक्यूलाइट वापरत असाल तर तिथे एका वेळी एकच लेखक लिहू शकतो, त्यामुळे शर्यत खऱ्यासारखी होत नाही.

सुरू झाल्यावर टक्करींचा लॉग ठेवा: कुठली नोंद, कुठले दोन वापरकर्ते, कुठले रकाने. एकाच फॉर्मवर रोज टक्करी दिसू लागल्या तर बहुधा दोन वेगळ्या माणसांची दोन वेगळी कामं एका पानात कोंबलेली आहेत. संपर्काचा फॉर्म सचिवांना, शुल्क आणि पार्किंगचा खजिनदारांना, प्रत्येकाला स्वतंत्र टेबल आणि स्वतंत्र व्हर्जन दिलं की त्यातल्या बऱ्याच टक्करी होणारच नाहीत.